जळमटं राहू द्या

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. पुढं अंगण नावापुरतंच, मागं परस मात्र दोन-अडीच गुंठ्यांचा. सासूबाईंनी लावलेला आंबा, एक लिंबू, एक कढीपत्ता, शेवगा, जास्वंदीची दोन झुडपं आणि कधीकाळी गुरांना पाणी पाजायची एक दगडी डोणी. स्वयंपाकघराच्या खिडकीत चार वर्षांपासून एक वही ठेवली आहे. हात पुसला की दिसलं ते लिहायचं. त्या वहीतली ही काही टिपणं. तारखा फारशा ठेवलेल्या नाहीत, ऋतू तेवढे आहेत.

*

कढीपत्त्याच्या पानावर पाखराची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसलं, म्हणून काडीनं उडवायला गेले. ते हललं. पुन्हा काडी लावली तर डोक्यामागून दोन टोकांचं तांबूस शिंग बाहेर आलं आणि आंबूस, उग्र वास सुटला. क्षणभरात शिंग आत गेलं. अळी होती. लहानपणी ती शीटेसारखी दिसते, म्हणजे पाखरू तिला खायला बघत नाही. शेवटची कात टाकली की हिरवीगार होते, पानात पान.

बागेचं काम बघायला येणारे तात्या म्हणाले, "बाई, कीड लागलीया. औषध मारा, न्हाईतर झाड जाईल." त्याआधीच्या वर्षी मी मारलं होतं. या वेळी नको म्हटलं. झाडावर सत्तावीस अळ्या मोजल्या. बुलबुलांनी नेल्या, गांधीलमाश्यांनी नेल्या, काही आपोआप काळ्या पडून लोंबल्या. कोषापर्यंत चार पोचल्या. हिरव्या फांदीवरचे तीन कोष हिरवे आणि भिंतीच्या कडेला वाळक्या काटकीवर धरलेला चौथा मातकट. कोषाच्या कमरेला रेशमाचा एकच धागा, कामगार खांबाला बांधून घेतात तसा.

त्या मातकट कोषातून सकाळी आठच्या सुमाराला कॉमन मॉरमॉनची मादी निघाली. पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. तासभर ती नुसती लटकत राहिली आणि पंख हळूहळू ताठ होत गेले. काळ्या पंखांवर लाल-पांढरे ठिपके आले. हे रूप तिचं स्वतःचं नाही. ईश्वरीच्या वेलावर वाढणारं कॉमन रोझ नावाचं फुलपाखरू विषारी असतं, पाखरं ते टाळतात; त्याची नक्कल ही करते. दहाच्या आत ती उडून गेली.

कढीपत्त्याला पंधरा दिवसांत नवी पालवी फुटली. झाड गेलं नाही.

*

कढीपत्ता आणि लिंबू ज्या कुळातले, त्याच कुळातल्या झाडांवर नीलवंताच्या अळ्याही वाढतात. नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमॉन, काळ्या मखमलीवर निळी झाक असलेलं मोठं फुलपाखरू. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं त्याला राज्य फुलपाखरू केलं; असं करणारं आपलं पहिलं राज्य. आमच्याकडं पावसाळ्यात दोन-तीनदा येतं, जास्वंदीवर बसतं न बसतं तोच पलीकडच्या वाड्यात जातं. ते आलं की मी गॅस बारीक करून बाहेर जाते.

*

फेब्रुवारीअखेर डोणी घासून भरली. पाणी दोन बोटं खोल, त्याहून जास्त नाही. मध्ये एक खडबडीत दगड, पाण्याच्या वर टोक येईल असा, कारण मधमाश्या पाण्यावर उतरू शकत नाहीत, ओल्या कडेवर बसून पितात. झुडपापासून डोणी चार पावलं लांब सरकवली. मांजर झुडपात दबा धरतं. मधे मोकळी जागा असली तर पाखराला उडायला वेळ मिळतो.

येणाऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. उजाडताना दयाळ. नऊला बुलबुलांची जोडी. अकराच्या उन्हात सातभाई, तेही कधीच एकटे नाहीत. दोघं अंघोळ करतात, बाकीचे कडेला उभे राहून कलकलाट करतात. दुपारी खार, पोट फरशीला लावून. सातेरी माश्या दिवसभर. एकदा साडेतीनला सगळा परस एकदम गप्प झाला. खिडकीतून पाहिलं तर डोणीच्या काठावर शिक्रा बसला होता, लाल डोळ्यांचा. पाणी प्यायला आणि गेला. त्यानंतर पाऊण तास एक पाखरू फिरकलं नाही.

पाणी दर तिसऱ्या दिवशी ओतून डोणी घासायची. डासाची अंडी पाण्यात पडली की आठ-दहा दिवसांत डास होतो, म्हणून हा नेम चुकवायचा नाही. ओतलेलं पाणी शेवग्याला.

*

शिंजीर मादीनं कपडे वाळत घालायच्या तारेवर घरटं धरलं. पहिल्या दिवशी नुसता लोंबता धागा दिसला, वाऱ्यानं अडकला असेल वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याला साल, वाळकं पान, कागदाचा कपटा आणि अळीची विष्ठासुद्धा चिकटलेली. सगळं बांधकाम ती एकटीच करते; नर काळा-जांभळा चमकत जवळच्या फांदीवर गातो, बांधायला हात लावत नाही. घरट्याच्या बाजूला भोक आणि भोकावर पागोळ्यांसाठी काढतात तशी छोटी पडवी.

हे सगळं कशानं चिकटवते ते चौथ्या दिवशी कळलं. ती पोर्चच्या कोपऱ्यात भिरभिरत थांबली, चोचीनं जळमट ओढलं, गुंडाळलं आणि तारेकडं गेली. त्या कोपऱ्यातली जळमटं मी दर शनिवारी केरसुणीनं काढायचे. वर्षानुवर्षं. म्हणजे कितीदा तरी तिच्या घराचा चुना मीच झाडून टाकला असणार. तेव्हापासून पोर्चचा तो कोपरा आणि गोठ्याची जुनी पडवी झाडायची नाही असं ठरलं. दिवाळीलासुद्धा नाही. पाहुणे येतात, वर बघतात. मी त्यांना सांगते कशासाठी ठेवली आहेत.

दीड महिना कपडे गच्चीवर वाळत घातले. घरट्यात डोकावले नाही. आपण रोज जवळ गेलो की कावळा बघत असतो, आणि कावळ्याला वाट दाखवल्यासारखं होतं. दोन पिल्लं उडाली हे मोजून नाही, दोघांना शेवग्यावर आईकडं तोंड वासताना पाहून कळलं.

*

गुलाबाच्या पानांना कडेनं गोल गोल तुकडे कापलेले. नाण्यानं आखून कातरीनं कापावेत इतके नेमके. रोग समजून आधी पानं तोडली. मग एका दुपारी कापणारी सापडली: मधमाशीएवढी माशी, पानाच्या कडेला पाय रोवून स्वतःभोवती फिरत कापते, आणि तुकडा पायांत धरून उडते. ती तो पोकळ काडीत, भिंतीच्या भोकात नेऊन त्याची नळी करते, आत परागकण भरते आणि एकेक अंडं घालते. पोळं नाही, राणी नाही, मध नाही, एकटीचा संसार. पान खात नाही. गुलाबाचं काही बिघडत नाही.

बांबूचे पोकळ तुकडे जुडी करून पडवीत टांगले आहेत. पावसाआधी तीन तोंडं हिरव्या पानांनी बंद झालेली दिसली.

*

साताऱ्याकडच्या माणसानं मधमाशीविषयी बोलायला लाजू नये. महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव, २०२२ पासून. तिथली पोळ्याची माशी ती सातेरीच, आमच्या डोणीवर येणारी. लांबवर डोंगरात तिला आपण जपतो म्हणतो आणि घराच्या कुंपणावर दुपारी बारा वाजता, ती फुलांवर असताना, फवारा मारतो.

*

खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशीनं मातीची घरं केली होती, बोटाच्या पेरांसारखी एकाला एक लागून. रिकामी झाली, भोकं पडली, तेव्हा एक अलगद काढून फोडलं. आत कोषाचं कागदी टरफल आणि कोळ्यांचे पाय. तिनं कोळी डंख मारून सुन्न केलेले असतात, मारलेले नाहीत, म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या अळीला ताजं खाणं मिळतं. शेजारच्या घरात अजून पूर्ण कोळी होता, हिरवट पोटाचा. मी तो बशीत ठेवून नातीला दाखवला. ती म्हणाली, "आजी, हा झोपलाय का?" काय उत्तर द्यावं ते लगेच सुचलं नाही. मग खरं तेच सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं.

*

वैशाखातली नोंद. भारद्वाजानं बुलबुलाची तीन पिल्लं नेली. कुंडीतल्या मोगऱ्यात घरटं होतं, गुडघ्याइतक्या उंचीवर, अकरा दिवसांची पिल्लं. आवाज ऐकून धावत गेले तोवर तिसरं चोचीत होतं. बुलबुलांची जोडी संध्याकाळपर्यंत मोगऱ्याभोवती ओरडत होती. मला जेवण गेलं नाही.

शेजारच्या वहिनी सकाळीच म्हणाल्या होत्या, "भारद्वाज दिसला, दिवस चांगला जाणार." आपल्याकडं तो शुभ. बुलबुलाला विचारलं तर वेगळं सांगेल.

पुढं पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगाईंचं पेव फुटलं. रात्रीत झेंडूची रोपं साफ. त्यांच्यासाठी गोळ्या मिळतात, पण त्या कुत्र्या-मांजराला आणि पाखरांनाही मारतात. मी टॉर्च घेऊन रोज रात्री हातमोज्यांनी वेचत होते. एका सकाळी तोच भारद्वाज भिंतीखाली गोगलगाय दगडावर आपटून फोडताना दिसला. एकामागून एक चार.

बुलबुलाच्या घरट्याभोवती जाळी लावायची का, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवला. लावायची नाही असं ठरवलं आहे. भारद्वाजालाही पिल्लं असतात. शेजारच्या पाळीव मांजराची गोष्ट निराळी. त्याला घरी दोन वेळा दूध-पोळी आहे, ते शिकार करतं ती भुकेनं नव्हे. वहिनींना सांगून निदान चैत्र ते श्रावण पहाटे त्याला घरात ठेवायचं कबूल करून घेतलं. त्यांनी पाळलंही.

*

धामण. साडेसहा फूट तरी असेल, आंब्याच्या बुंध्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत. गल्लीतली दोन पोरं काठ्या घेऊन आली. तात्याही म्हणाले, धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते. दूध कुठलाच साप पीत नाही, आणि धामण बिनविषारी. तिचं अन्न उंदीर-घुशी. हे सांगता सांगता मी मधे उभी राहिले, कारण त्या वेळी सांगण्यापेक्षा उभं राहण्याचा उपयोग जास्त होता. ती दगडी बांधात शिरली.

आधी एकदा अशीच एक पकडून लांब नेऊन सोडली होती. त्या पावसाळ्यात घुशींनी शेवग्याची मुळं उकरली, शेजाऱ्यांच्या ड्रेनेजपर्यंत बिळं गेली.

सगळे साप राहू द्या असं माझं म्हणणं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं आणि चार रूपं घरातल्या प्रत्येकाला ओळखता आली पाहिजेत. आपल्याकडची बहुतेक सर्पदंशाची मरणं या चौघांमुळं. त्यांच्यावरचं औषध सरकारी दवाखान्यात असतं, मांत्रिकाकडं नसतं. रात्री परसात जाताना पायात बूट आणि हातात टॉर्च. लाकडं भिंतीला लावून रचायची नाहीत. सर्पमित्राचा फोन फ्रिजवर चिकटवलेला.

*

सापसुरळी विषारी नसते. हे वहीत तीनदा लिहिलं आहे, कारण तीनदा कुणी ना कुणी तिला चपलेनं मारलं.

*

मृग लागायच्या आधीचा आठवडा, ढग दाटलेले. मागच्या खोलीच्या काचेवर धप्प आवाज झाला. खाली नवरंग पडला होता. हिरवी पाठ, पंखावर निळा चकाकता डाग, पोटाखाली लालभडक, डोळ्यांवरून काळा पट्टा, शेपूट जवळजवळ नाहीच. डोळे मिटत होता, उघडत होता. नवरंग हिवाळा दक्षिणेत आणि श्रीलंकेत काढतो, पावसाच्या तोंडावर वीण करायला वर येतो, तोही रात्रीचा प्रवास करत. थकून भलत्याच ठिकाणी उतरतो. या दिवसांत लोकांच्या बाल्कनीत, दुकानांत सापडतो तो यामुळंच.

त्याच्या तोंडात पाणी घालायचा मोह झाला होता. घालू नये, श्वासनलिकेत जातं. बुटांचा खोका घेतला, भोकं पाडली, खाली जुनं सुती कापड, आणि अंधाऱ्या शांत खोलीत ठेवून दार लावून घेतलं. उचकून बघायचं नाही. जखम असती तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा होता. रानातलं पाखरू घरी ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्य आहे. दोन तासांनी खोक्यातून खुडबुड ऐकू आली. लिंबाखाली पाचोळ्यात खोका आडवा केला. तो बाहेर आला, दोन उड्या मारल्या, एक पान उलटवलं, खालचं काहीतरी खाल्लं. मग कुंपणाच्या सावलीत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन सुरांची शीळ ऐकू आली. तोच होता असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही. त्या काचेला आता बाहेरून सुतळीचे दोर सोडले आहेत, चार-चार बोटांवर. तेव्हापासून काचेवर पाखरू आपटलेलं नाही.

*

पाचोळा जाळायचा नाही. आंब्याखाली वीतभर थर आहे. वाणी, गोम, गांडूळ, सापसुरळी, आणि त्यांच्यामागून नारिंगी डोक्याचा कस्तुर. तो पानं डावीकडं-उजवीकडं फेकत चालतो, घरात कुणी वस्तू शोधावी तसा. ज्या वर्षी पाचोळा झाडून पेटवला होता त्या वर्षीच्या पानावर कस्तुराची नोंद नाही.

*

संक्रांतीनंतर आंब्यावर नायलॉन मांजा. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं देशभर बंदी घातली, तरी मिळतो. शिडी लावून काढला, काठीला गुंडाळला, कात्रीनं बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाकला. एका फांदीवर वटवाघूळ वाळलेलं होतं.

*

आंब्यावर बांडगूळ आहे. तात्या दर वर्षी कोयता काढतात. झाडाचा रस पितं हे खरं. पण त्याची फळं फुलटोच्या खातो, बी चिकट असतं ते फांदीवर पुसून टाकतो आणि नवं बांडगूळ रुजतं. आणि कॉमन जेझबेल फुलपाखराची मादी त्याच्या पानांच्या खालच्या बाजूला पिवळी अंडी रांगेनं मांडते, तिच्या अळ्यांना हेच लागतं. आंबाही सासूबाईंचा, जपायचा आहेच. तडजोड अशी: बुंध्याकडच्या मोठ्या फांद्यांवरचं काढायचं, शेंड्याकडची दोन ठेवायची. आंब्याला यंदा मोहोर नेहमीसारखाच होता.

*

नावांबद्दल. फुलपाखरांची नावं मी बहुतेक इंग्रजीच लिहिते याची खंत वाटते. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींनी रानोमाळ फिरून आदिवासींकडून पाखरांची, झाडांची नावं गोळा केली. बगळ्यांच्या वसाहतीसाठी सारंगागार असा शब्द घडवला. तात्यांना विचारून मीही वहीच्या मागच्या पानावर नावं लिहू लागले आहे. आतापर्यंत एकोणीस.

*

चिमण्यांविषयी लोक विचारतात, दाणे टाकतो तरी का येत नाहीत? चिमणी दाणे खाते, पण पिल्लाला सुरुवातीचे दिवस किडे-अळ्याच भरवते. फवारलेल्या बागेत बाजरीचं ताट भरून ठेवलं तरी तिची पिल्लं जगणार नाहीत. २० मार्चचा चिमणी दिवस आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी २०१० पासून सुरू केला, आज तो जगभर पाळतात; त्या दिवशी सगळे घरटी वाटतात. घरटं जरूर टांगा. भोक सव्वा इंचाचं, साळुंकी शिरणार नाही इतकं. दुपारचं ऊन येणार नाही अशा भिंतीला. पण त्याच्याबरोबर कुंपणाची एक बाजू न कापलेली ठेवा.

आमच्याकडं पडवीत दोन पेट्या आहेत. एक दोन वर्षं रिकामी होती. औषध बंद केल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात चिमणा तिच्या तोंडाशी बसून चिवचिवायला लागला.

*

आज ज्येष्ठातली पहिली सर. कढीपत्त्यावर पुन्हा शीटेसारखे ठिपके, नऊ मोजले. शिंजिरीनं तारेवरच, जुन्या जागेच्या हातभर अलीकडं, नवा धागा सोडला आहे. समोरच्या घरी झाडं छाटायला माणसं आली आहेत. जाऊन विनंती केली की छाटणी डिसेंबरात करा, आता फांद्यांवर घरटी आहेत. त्यांनी वर बघितलं, होला बसला होता. ती एक फांदी ठेवली.

तुमच्याही दारात झाड असेल तर कोयता लावण्याआधी एकदा वर बघा.